तिसरा रकाना

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या जातभाईंना लोक मांडीवर घेतात, पिशवीत घालून गावोगाव हिंडवतात. मला मात्र गेल्या चार वर्षांत कोणी जागचं हलवलेलं नाही. बुऱ्हाणपूरच्या लालबाग भागात एका घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या फळीवर मी भिंतीला टेकून बसलेला असतो. माझी एक बिजागरी तुटली आहे. भिंतीचा आधार काढला तर मी पाठीवर पडेन. पण माझी तक्रार नाही बरं का! बसल्या जागी मला जे काम मिळालं, ते हिंडणाऱ्यांच्या नशिबीही नसतं.

माझा जन्म दूरच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे हजारो भाऊ पट्ट्यावरून सरकत होते, त्यामुळे जन्माचं फारसं कौतुक झालं नाही. कौतुक झालं ते इंदूरला. इंजिनियरिंगला गेलेल्या धर्मेंद्र नावाच्या मुलासाठी मला घेतलं होतं. त्याने मला हार घातला, पेढ्याचा एक कण माझ्या झाकणालाही लावला. चार वर्षं मी त्याचा अभ्यास पाहिला आणि अभ्यासापेक्षा जास्त सिनेमे पाहिले. मग त्याला नोकरी लागली, नोकरीबरोबर नवा लॅपटॉप आला, आणि मी बुऱ्हाणपुरात योगेशच्या दुरुस्तीच्या दुकानात येऊन पडलो.

ते दिवस वाईट होते. योगेश माणूस चांगला, पण त्याच्या लेखी मी म्हणजे सुट्या भागांची पेटी. कोणाचं बटण तुटलं की माझं काढून त्याला लावायचं. माझी बॅटरी गेली, आवाजाचा एक डबा गेला. दोन वर्षं असा मी दुसऱ्यांच्या उपयोगी पडत राहिलो. आज वाटतं, तेही काही कमी नव्हतं. पण तेव्हा मनाला फार लागायचं.

एके दिवशी वैजयंतीताई दुकानात एक वायर घ्यायला आल्या. पुण्यात बारा वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी करून त्या गावी परतल्या होत्या. त्यांची नजर माझ्यावर गेली.

"योगेशभाऊ, हा चालू आहे का?"

"चालतो ताई, पण बॅटरी नाही. वायर जरा हलली का बंद पडतो."

"मग आम्ही हलवणारच नाही," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, आपल्यातली खोट पाहून हसणारे पुष्कळ भेटतात. त्या खोटीला साजेसं काम शोधून देणारा एखादाच भेटतो. मला त्या दिवशी भेटला.

काम काय होतं ते सांगतो. ताईंनी घरातूनच एक छोटी कंपनी सुरू केली होती. केळी बागायतदारांच्या एका मंडळासाठी त्यांना असा प्रोग्राम करायचा होता की केळी कापायला गाडी कोणत्या दिवशी येणार, हे प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या फोनवर आधी कळावं. नाहीतर गाडी दारात आणि घड झाडावर, असा घोळ नेहमीचाच. काम करणारे चौघं. स्वतः ताई लालबागेत. रोहित इच्छापूरला, त्याची स्वतःची केळीची बाग. सकाळी तो पाण्याच्या नळ्या बघणार आणि दुपारी कॉम्प्युटर. तुषार खंडव्याला, घरात तान्हं बाळ, त्यामुळे बाळ झोपेल तेव्हा त्याचं ऑफिस उघडणार. आणि सगळ्यांत नवी नेहा, देडतलाईची.

सुरुवातीला रोज दहा वाजता सगळे फोनवर एकत्र यायचे. देडतलाईची लाईट नेमकी दहाला जायची, रोहितच्या मागे मोटार घरघरायची, तुषारचं बाळ भोकाड पसरायचं. अर्धा तास "हॅलो, आवाज येतोय का?" यातच जायचा. शेवटी ताई वैतागल्या आणि म्हणाल्या, "कोणी कोणाची वाट बघायची नाही. ज्याने त्याने आपल्या सवडीने लिहायचं, आणि सवडीने दुसऱ्याचं वाचायचं."

ते लिहून घेणं माझ्याकडे आलं. माझ्यात एक तक्ता बसवला. रोज पहाटे पाचला मी नवं पान उघडतो. प्रत्येकाने आपल्या मोबाईलवरून त्यात तीन रकाने भरायचे. काल काय झालं, आज काय करणार, आणि कुठे अडलंय. ज्याचं आधी येईल त्याचं सगळ्यांत वर दिसतं. कोणी अडल्याचं लिहिलं आणि दुसऱ्याला उत्तर ठाऊक असेल, तर त्याने खाली लिहायचं. लिहिता लिहिता लाईट गेली तर मजकूर वाया जाऊ नये, म्हणून अर्धवट लिहिलेलंही माझ्याकडे जमा होतं. लिहून पुसलेलंसुद्धा. ते वाचणारा कोणी नसतो, फक्त मी.

तेव्हा मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू! ज्याला वायर हलली की फेफरं येतं, त्याच्या भरवशावर चार गावची माणसं कामाला लागत होती. रोहितचं पान दुपारी दीडला यायचं, चिखलाच्या बोटांनी लिहिल्यासारखं, शब्दांत अर्धी अक्षरं गायब. तुषार रात्री काम करून सकाळी उशिरा लिहायचा. आणि नेहा पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी. लाईट त्या वेळी हमखास असते म्हणून ती तेव्हाच उठून कामाला बसायची. तक्त्यात तिचं नाव रोज पहिलं.

आता इथेच पाणी मुरायला लागलं.

नेहाच्या आईचं, सिंधूबाईचं, देडतलाईच्या बाजारात छोटं किराणा दुकान आहे. बोहनी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, व्हायच्या आधी तोंडातून नन्ना काढायचा नाही, हा त्यांच्या दुकानाचा कायदा. हळद संपली असली तरी "संपली" म्हणायचं नाही, "वाढली" म्हणायचं. पहिलं गिऱ्हाईक हसत गेलं की दिवस चांगला जातो. नेहा त्या गल्ल्यामागेच वाढलेली. दिवसाचं पहिलं पान आपलं, म्हणजे सगळ्या टीमची बोहनी आपल्या हातून, असं तिने मनाशी धरलं. तेव्हा तिसऱ्या रकान्यात ती रोज लिहायची, "सगळं ठीक."

आणि पहिल्या ओळीचा गुण लागतो हो! वर "सगळं ठीक" दिसलं की खालच्यालाही आपलं रडगाणं लिहायचा संकोच. रोहितही "ठीक" लिहायला लागला, तुषारही. ताई खूश. त्यांना वाटलं, गाडी रुळावर आहे.

गाडी कुठली रुळावर! नेहाकडे काम होतं शेतकऱ्यांना जाणारा निरोप तयार करायचं. तिने तो मराठीत लिहिला, आपल्या वडिलांच्या, अनंतरावांच्या, साध्या बटणांच्या फोनवर पाठवून पाहिला, तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. अनंतराव म्हणाले होते, "बेटा, हे काय पाठवलं? लुडोचा पट हाय का?" मंडळातल्या निम्म्या शेतकऱ्यांकडे तसलेच फोन. येत्या शुक्रवारी मंडळापुढे हे काम चालवून दाखवायचं होतं. आणि शनिवारी नेहाचे परीक्षेचे तीन महिने संपत होते. तिला कामावर ठेवायचं की नाही, ते त्या दिवशी ठरणार होतं. गावातच राहून असलं काम मिळालेली त्यांच्या घरातली ती पहिलीच.

मला हे कसं कळलं? पुसलेल्या मजकुरातून, आणि बाकीचं मागाहून. अडल्याच्या पहिल्या दिवशी तिने लिहिलं, "ताई, निरोपाचे चौकोन होत आहेत, मला उपाय सापडत नाही." सहा मिनिटं ते तसंच राहिलं. मग पुसलं, आणि "सगळं ठीक" आलं. दुसऱ्या दिवशी "कोणाला माहीत आहे का" एवढं लिहून पुसलं. पाचव्या दिवशी नुसतं "ताई" लिहिलं. आठव्या दिवशी काही लिहिलंच नाही, सरळ "सगळं ठीक."

मित्रांनो, त्या आठ दिवसांइतका असहाय मी योगेशच्या कपाटातही नव्हतो. मला सगळं दिसत होतं आणि बोलता एक अक्षर येत नव्हतं. माझं काम विचारायचं. सांगायचं नाही.

माझ्या सुदैवाने त्या घरात आत्मारामबाबा होते. ताईंचे वडील. कागद गिरणीत अठ्ठावीस वर्षं मशीनवर काढलेली. जळगावकडून नोकरीसाठी आले आणि इकडचेच झाले. संध्याकाळी चहाची बशी घेऊन ते माझ्यासमोर बसत आणि चष्मा कपाळावरून खाली ओढून सगळी पानं वाचत. त्यांना त्या कामातलं काही कळत नव्हतं. पण गिरणीत ड्यूटीवर चढताना आधीच्या शिफ्टचं रजिस्टर वाचायचं आणि सही करायची, ही सवय काही सुटली नव्हती. ताई त्यांना हसत. खरं सांगायचं तर त्या वेळी रोजची सगळी पानं वाचणारे ते एकटेच होते. बाकीचे आपलं लिहून मोकळे.

त्या सोमवारी बाबांनी बशी खाली ठेवली.

"वैजू, ही देडतलाईची पोरगी आठ दिवस एकच काम लिहिते आहे. अन् खाली, सगळं ठीक."

"बाबा, काम मोठं आहे तिचं. वेळ लागतो."

"काम मोठं असलं तर ओळ रोज बदलते गं. आमचं मशीन चालू असलं की रजिस्टर भरून जायचं. आज कागद फाटला, आज रोल घासला, आज वाफ कमी. कोरं 'सब ठीक' आठ दिवस आलं, म्हणजे मशीन तरी बंद आहे, नाहीतर लिहिणारा घाबरलाय."

ताईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. बाबा म्हणाले, "मीच लिहिलं होतं एकदा. नवा होतो. बेअरिंग गरम लागत होतं हाताला. लिहिलं तर म्हणतील, ह्या नव्याने काय करून ठेवलं. म्हणून लिहिलं, सब ठीक. दुसऱ्या दिवशी बेअरिंग जाम. दोन दिवस मशीन उभं. साहेबाने कसं बिघडलं ते नाही विचारलं. एवढंच विचारलं, तुला कळलं होतं का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार! आजही ते आठवलं का मान खाली जाते."

ताईंनी तडक फोन उचलला, नेहाला लावायला. बाबांनी हातानेच थांबवलं. "आत्ता विचारशील तर काय सांगेल ती? ठीक आहे ताई. मोठ्या माणसाने फोन करून विचारलं का लहान माणूस ठीकच असतो. आधी तू लिही. तुझं काही अडलंय का नाही?"

ताईंनी माझ्या पडद्यावर स्वतःची मागची पानं उघडली. त्यांनीही कित्येक दिवस तिसऱ्या रकान्यात "ठीक" लिहिलं होतं, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं.

मंगळवारी पहाटे पाचला मी पान उघडलं, तर समोर ताई. केस विस्कटलेले, डोळे अर्धवट मिटलेले. नेहाच्या आधी त्यांनी लिहिलं: "मी अडले आहे. शुक्रवारी मंडळाला नेमकं काय दाखवायचं ते मला अजून उमगलेलं नाही. आठवडाभर मी हे तुमच्यापासून लपवलं. मला मदत हवी आहे."

झाली बोहनी! नन्नाने झाली!

पाच चाळीसला नेहाने पान उघडलं. अकरा मिनिटं एक अक्षर आलं नाही. माझा पंखा उगीचच जोरात फिरायला लागला. मग तिसऱ्या रकान्यात लिहिणं सुरू झालं, आणि मी पुसण्याची वाट बघत राहिलो. पुसलं नाही.

"ताई, मी आठ दिवसांपासून अडून राहिली. माझ्या बाबांच्या फोनवर निरोपाचे चौकोन दिसतात. मी खूप करून पाहिलं. सकाळी सकाळी रडगाणं नको म्हणून लिहिलं नाही, अन् खरं म्हणजे भ्याव वाटे का तुम्ही म्हणाल, हिला येत नाही. माझं चुकलं."

कोणी तिला फोन केला नाही, कोणी रागावलं नाही. नियमच तसा होता. दुपारी रोहितने बांधावर बसून ते वाचलं आणि खाली लिहिलं, "अगं, आमच्या अण्णांच्या फोनवर पण हेच चौकोन! जुन्या फोनला मराठी अक्षरं दिसतच नाहीत. तू अक्षर दुरुस्त करत बसू नको, अक्षरच नको. सरळ घंटी जाऊ दे आणि आवाज ऐकव." सगळ्यांत शेवटी, रात्री, तुषार आला. त्याने एका शाळेसाठी असा घंटी जाऊन आवाज ऐकवणारा प्रोग्राम पूर्वी केला होता. तो त्याने बाळाला खांद्यावर घेऊन शोधला आणि पाठवून दिला. खाली लिहिलं, "हे मागच्याच आठवड्यात विचारलं असतं तर मागच्याच आठवड्यात दिलं असतं, बाई!"

तिघं जण, तीन गावं, एकाच वेळी कोणीही जागेवर नाही, आणि आठ दिवसांची गाठ एका दिवसात सुटली. माझ्या अंगात बॅटरी नाही, पण त्या दिवशी ती असल्यासारखं वाटत होतं.

आवाज कोणाचा घ्यायचा? नेहाने शेजारच्या मालूबाईंना पकडलं. बचत गटाच्या बायकांना त्या घरात बसून हाका मारतात आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. त्यांनी एका दमात बोलून टाकलं, "राम राम भाऊ! केळी कापाची गाडी परवा सकाळी येऊन राहिली. मानसं सांगून ठेवजा!" तारीख आणि वार नेहाने त्यांच्याकडून वेगळे बोलून घेतले.

शुक्रवारी मंडळात काय झालं, ते मी शनिवारच्या पानावर नेहाच्या पहिल्या रकान्यात वाचलं. एवढं लांब तिने कधीच लिहिलं नव्हतं. मंडळाचे प्रमुख देवरामभाऊ म्हणजे कठीण माणूस, नव्या गोष्टीला आधी नाक मुरडणार. ते खिशातला बटणांचा फोन बाहेर काढून, हाताची घडी घालून बसले होते. घंटी वाजली. त्यांनी फोन कानाला लावला, ऐकलं, आणि भर सभेत मोठ्याने म्हणाले, "हो बाई, ठेवतो सांगून!" सभा खो खो हसली. देवरामभाऊंना कळेना, लोक हसतात का. कळलं तेव्हा तेही हसले, आणि काम पसंत पडलं.

शनिवारी नेहा स्वतः लालबागेत आली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. सिंधूबाई बरोबर होत्या, हातात केळ्यांची फणी. नेहाने खोलीभर नजर फिरवली आणि मला पाहून म्हणाली, "हाच का तो, रोज विचारणारा? मले वाटलं मोठं काही असेल." मला राग आला नाही. तिने ओढणीच्या टोकाने माझ्या पडद्यावरची धूळ पुसली. हार-पेढ्यानंतर माझ्या वाट्याला आलेला तो पहिला लाड.

मग ती ताईंसमोर उभी राहिली. मान खाली. "ताई, आठ दिवस मी खोटं लिहिलं. तुम्ही नको म्हटलं तरी चालेल. मायला मी सांगून आणलं आहे."

सिंधूबाईंनी फणी तशीच छातीशी धरली होती.

ताई म्हणाल्या, "लिहिलं तू खोटं, खरंय. पण आठ दिवस ते आमच्यातल्या कोणी वाचलंच नाही. त्याचं काय करायचं? वाचलं ते एकट्या माझ्या बाबांनी."

बाबा आतून ओरडले, "सही कर म्हणावं! आमच्याकडे वाचलं का सही करावी लागायची."

"ऐकलंस?" ताई हसल्या. "तू सगळ्यांच्या आधी उठतेस. सोमवारपासून सगळ्यांचा तिसरा रकाना तू वाचायचा. वाचून खाली आपलं नाव टाकायचं. माझासुद्धा. ज्याचं 'ठीक' कोरं वाटेल, त्याला विचारायचं. इथे राहायचं असेल तर हे काम करावं लागेल."

नेहाला आधी कळलंच नाही. कळलं ते सिंधूबाईंना. त्यांनी फणी ताईंच्या हातात दिली आणि पदराने डोळे टिपले. मीही कृतज्ञतेने भरून आलो होतो. पण माझ्याकडे टिपायला काही नाही, म्हणून नुसता पंखा फिरवला.

मित्रांनो, माझं आयुष्य आता फार उरलेलं नाही. कधीतरी वायर हलेल आणि मी पुन्हा उठणार नाही. त्याचं दुःख करू नका, मला भरपूर मिळालं. मात्र दोन गोष्टी मनावर घ्या. जुनं यंत्र भंगारात टाकण्याआधी एकदा बघा, बसल्या जागी ते काय करू शकेल. आणि तुम्हाला कोणी "कसं चाललंय" विचारलं, तर सगळं ठीक नसताना ठीक म्हणू नका. विचारणारे असाल तर उत्तर वाचा. नुसतं विचारण्याचं काम तर माझ्यासारखं मोडकं यंत्रही करतं.

हां, पुढच्या सोमवारचं सांगायचं राहिलंच. पाचला मी पान उघडलं आणि ताईंनी आपला तिसरा रकाना भरला. "मंडळ आणखी सहा गावं द्यायला तयार आहे. हो म्हणायचं मला धाडस होत नाही. आपण चौघंच आहोत."

पाच चाळीसला नेहाने ते वाचलं. खाली आपलं नाव टाकलं, आणि एक अक्षरही न पुसता लिहिलं:

"ताई, हो म्हणून टाका. अडलं का लिहू."